फिरती सॉ मिल मध्येच दगा देते? मोटर बदलण्याआधी हे तपासा

फिरत्या बँड सॉ मिलची, म्हणजे पट्ट्यासारख्या ब्लेडने ओंडके कापणाऱ्या, जागोजागी नेता येणाऱ्या यंत्राची विजेची तक्रार क्वचितच नुसती तक्रार म्हणून येते. ती निदान घेऊनच येते: ‘मोटर गेली’, ‘बॅटरी बसली’, ‘बोर्ड उडाला’. उघडून बघावं तर मोटर, बॅटरी, बोर्ड बहुतेक वेळा ठणठणीत. बिघडलेला असतो एखादा जोड. सैल झालेला, गंजलेला, रंगावरच आवळलेला किंवा इन्शुलेशनच्या आत तारा तुटत आलेला. नवी मोटर बसवताना तोच जोड हाताळला जातो, तात्पुरता घट्ट बसतो, मिल काही दिवस चालते आणि मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. मालकाला वाटतं, नवी मोटरही खराबच निघाली.

या यंत्रावर जोडच का जातात, ते उघड आहे. इंजिनाची आणि ब्लेडची थरथर दिवसभर चालू असते. ओल्या लाकडाचा भुसा प्रत्येक फटीत जाऊन बसतो आणि ओल धरून ठेवतो. त्यातलं टॅनिन आम्लधर्मी, धातूला खाणारं. ब्लेडवर सोडलेलं पाणी त्यात भर घालतं. शिवाय अनेक मिलांवर करंट रुळांवर पुढे-मागे आणि वर-खाली फिरणाऱ्या हेडपर्यंत (ब्लेड बसवलेल्या भागापर्यंत) न्यावा लागतो.

खालचा क्रम पेट्रोल इंजिन, १२ व्होल्टची बॅटरी आणि डीसी मोटरवर चालणारं फीड (हेडची पुढे-मागे चाल) व उचल (वर-खाली चाल) असलेल्या मिलसाठी आहे. थेट विजेवर चालणाऱ्या मिलचं शेवटी वेगळं लिहिलं आहे, कारण तिथे हात कुठवर घालायचा याचा नियमच वेगळा.

लक्षणं

- किल्ली फिरवली तरी काहीच नाही. ना आवाज, ना दिवा.
- एकच ‘टक्’ होतं आणि शांत. किंवा टक-टक-टक अशी भराभर टकटक होते.
- इंजिन चालता चालता किल्ली काढल्यासारखं एकदम बंद पडतं. थोड्या वेळाने किल्ली फिरवली की काही न करता पुन्हा चालू होतं.
- हेड खाली जातं, वर येत नाही. किंवा रखडत येतं.
- फीड रुळाच्या एका ठरावीक जागी मंदावतं किंवा थांबतं.
- फीड पुढे जातं, मागे येत नाही.
- फ्यूज अधूनमधून उडतो, कारण सापडत नाही.
- रात्री भरलेली बॅटरी दुपारपर्यंत बसते.

लक्षण नीट पकडलं की अर्धी तपासणी वाचते. एकच ‘टक्’ म्हणजे सोलेनॉइड (स्टार्टरला करंट जोडणारा चुंबकी स्विच) ओढला गेला, पण स्टार्टरपर्यंत पुरेसा करंट पोहोचला नाही. भराभर टकटक म्हणजे लोड येताच व्होल्टेज इतकं घसरतंय की सोलेनॉइड सुटतोय, सुटला की व्होल्टेज चढतं, पुन्हा ओढला जातोय. इंजिन एकदम बंद पडलं तर इग्निशनकडे बघा. आचके देत, गुदमरत बंद पडलं तर पेट्रोल, फिल्टर, कार्ब्युरेटर तपासा, या लेखात वेळ घालवू नका. हेड खाली जातं आणि वर येत नाही याचा अर्थ मोटर मेली असा नाही. वर उचलताना मोटरला कितीतरी जास्त करंट लागतो, आणि अशक्त जोड नेमका तिथेच उघडा पडतो.

बिघाड *केव्हा* होतो हेही लिहून ठेवा: सकाळी दव असताना, इंजिन तापल्यावर, जाड ओंडका कापताना, की रुळावर एका जागी. या शेवटच्या प्रकारासाठी खडू पुरतो. फीड थांबलं की हेडच्या चाकाजवळ रुळावर खूण करायची. पुढच्या वेळी थांबलं की पुन्हा. खुणा एका वितीत पडल्या तर मोटर निर्दोष. मोटरला आपण रुळावर कुठे आहोत हे कळत नसतं. बिघाड तिथल्या करंट नेणाऱ्या पट्टीत, केबलच्या वळणात किंवा रुळात आहे. खुणा कुठेही विखुरल्या असतील तर हेडवरचे जोड आणि स्विच बघायचे.

हात घालण्याआधी

किल्ली काढून खिशात. ब्लेडचा ताण सोडा. स्टार्टरची चाचणी करायची असेल तर ब्लेड काढूनच ठेवा, कारण क्लच अडकलेला असेल तर इंजिन सुरू होताच ब्लेड फिरतं. उचलमोटरचं काही काढायचं असेल तर आधी हेडखाली भक्कम लाकडी ठोकळे लावा. बॅटरी सोडवताना निगेटिव्ह आधी, जोडताना निगेटिव्ह शेवटी. पॉझिटिव्ह आधी सोडवायला गेलात आणि पाना मिलच्या लोखंडाला लागला, तर बॅटरी थेट शॉर्ट होते. हातातली अंगठी, कडं काढा. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, म्हणून जवळ ठिणगी नको, विडी-सिगारेट तर नकोच.

हत्यारं फार नकोत: साधा डिजिटल मल्टीमीटर, ५५ वॅटचा हेडलाइट बल्ब आणि त्याला जोडलेल्या दोन वायरी, तारेचा ब्रश, पॉलिश पेपर, पाने. मीटर डीसी २० व्होल्टच्या रेंजवर ठेवा. त्याच्या १० अँपिअरच्या भोकात वायर घालून स्टार्टरचा किंवा फीडमोटरचा करंट मोजायला जाऊ नका. मीटर तरी जाईल नाहीतर त्याचा फ्यूज.

१. डोळे, नाक आणि हात

हे फुकट आहे आणि म्हणूनच कोणी करत नाही. भुसा ब्रशने झाडा. कॉम्प्रेसरची हवा जोरात मारली तर तोच भुसा स्विचच्या पोटात जातो. इमर्जन्सी स्टॉप दाबलेला राहिलाय का, ब्लेडच्या झाकणाचा सेफ्टी स्विच नीट बसतोय का, क्लचची दांडी पूर्ण सुटलेली आहे का, ते बघा. बऱ्याच मिलांवर क्लच धरलेला असताना स्टार्टर फिरूच नये अशी योजना असते. झाकणाच्या स्विचमागे चिमूटभर भुसा अडकला की ‘मिल डेड’. मात्र हा स्विच जोडून टाकून काम पुढे रेटणं हा उपाय नाही. चाचणीपुरतंही नको, बोटं त्या झाकणाआडच असतात.

काम थांबवल्याबरोबर प्रत्येक मोठ्या जोडाजवळ हात न्या, लगेच टेकवू नका. एखादा जोड शेजारच्यांपेक्षा स्पष्ट गरम असेल तर तुमचा शोध बहुधा इथेच संपला. वितळलेलं किंवा तपकिरी पडलेलं इन्शुलेशन, हिरवट पूड, जळका वास, उंदराने कुरतडलेली वायर हे सगळं दिवसाउजेडी दिसतं.

२. बॅटरी, पण नुसती नाही

मिल काही तास उभी असताना बॅटरीचे व्होल्ट मोजा. १२.६ किंवा जास्त म्हणजे पूर्ण भरलेली. १२.२ च्या आसपास अर्धी. १२ च्या खाली गेली असेल तर आधी चार्ज करा, मगच पुढचं काही तपासा. बसलेल्या बॅटरीवर घेतलेली बाकीची सगळी मापं दिशाभूल करतात. चार्जर काढल्या काढल्या मोजू नका, तेव्हा आकडा फुगलेला असतो.

आता स्टार्टर मारत असताना मोजा. आकडा ९.६ च्या खाली जात असेल तर बॅटरी अशक्त आहे किंवा इंजिन-स्टार्टर जड झालंय. उभी असताना १२.६ आणि स्टार्टर मारताच ७, अशी बॅटरी आतून गेलेली असते. उलट स्टार्टर फिरत नाही आणि तरीही बॅटरीवर १२.४ टिकून आहे, तर बॅटरी बदलून काही होणार नाही: करंट बॅटरीतून बाहेरच पडत नाहीये.

३. टर्मिनल

बॅटरीच्या खांबावरचा क्लॅम्प हाताने पिळून बघा. किंचितही फिरला तर सैल. वर स्वच्छ दिसणारा क्लॅम्प आतून काळा असतो, तेव्हा काढून, शिशाचा खांब आणि क्लॅम्पचा आतला भाग दोन्ही चकाकेपर्यंत घासा. पांढरी-हिरवी पूड खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, पण ते पाणी बॅटरीच्या कप्प्यांत जाऊ देऊ नका. ग्रीस आवळून झाल्यावर वरून लावायचं.

खात्री करायची पद्धत सोपी. मीटरची एक पिन थेट खांबावर, दुसरी त्याच खांबाच्या क्लॅम्पवर, आणि सोबत्याला स्टार्टर मारायला सांगा. आकडा जवळजवळ शून्य हवा. इथे अर्धा व्होल्ट दिसला तर एवढ्याशा फटीत अर्धा व्होल्ट खर्च होतोय.

४. फ्यूज

फ्यूज काढून डोळ्यांनी बघण्यापेक्षा जागेवर ठेवूनच हेडलाइट बल्बची एक वायर बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी आधी फ्यूजच्या एका, मग दुसऱ्या टोकाला लावा. दोन्हीकडे सारखा उजेड हवा. फ्यूजची पट्टी चांगली पण होल्डरची पकड ढिली, हा प्रकार थरथरणाऱ्या यंत्रावर नेहमीचा. होल्डर वितळलेला असेल तर तो बदला, फ्यूजला दोष देऊ नका.

उडालेला फ्यूज टाकून देऊ नका, वाचा. पट्टी मधोमध सावकाश वितळल्यासारखी तुटली असेल तर ओव्हरलोड: सुकलेल्या घसरपट्ट्या, अतिघट्ट चेन, अडकलेलं हेड. काच किंवा प्लॅस्टिक आतून काळं झालं असेल तर शॉर्ट: कुठेतरी सोललेली वायर लोखंडाला लागतेय. दोन्हींचा इलाज वेगळा, आणि मोठ्या अँपिअरचा फ्यूज हा दोन्हींचा इलाज नाही. फ्यूज वायरला वाचवायला असतो. त्याच्या जागी तार गुंडाळली तर पुढच्या वेळी वितळेल ती वायर, आणि आजूबाजूला कोरडा भुसा असेल.

५. अर्थ, म्हणजे करंटची परतीची वाट

माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त मिला इथे सापडतात. सगळे जण लाल वायरीमागे लागतात. काळी वायर लोखंडाला जोडली की आपोआप चालतं असं गृहीत धरतात. पण जेवढा करंट जातो तेवढाच परत यावा लागतो. इंजिन अनेकदा रबरी माउंटिंगवर असतं, म्हणजे बॉडीपासून वेगळं. हेड प्लॅस्टिकच्या घसरपट्ट्यांवर किंवा ग्रीस भरलेल्या बेअरिंगवर फिरतं. अर्थची पट्टी सैल झाली की करंट परतीची वाट शोधतो: चेनमधून, क्लचच्या केबलमधून, बेअरिंगमधून. स्टार्टर मारताना क्लचची किंवा ॲक्सिलरेटरची केबल गरम होत असेल तर अर्थ गेलेलाच आहे, पुढे तपासायचीही गरज नाही.

अर्थचा बोल्ट काढून लगखाली (वायरच्या टोकाला असलेल्या धातूच्या कडीखाली) बघा. अनेकदा दिसतं ते असं: बोल्टच्या भोकाभोवती कारखान्याचा रंग शाबूत, आणि बोल्टच्या आट्यांनी जिथे रंग खरवडला तिथे नखाएवढी चकाकी. सगळ्या मिलचा परतीचा करंट त्या नखाएवढ्या जागेतून जात होता. नवी असताना तेवढं पुरलं. गंज चढल्यावर पुरेना. लगच्या आकाराएवढा रंग लोखंड चमकेपर्यंत खरवडा, दातेरी वॉशर टाका, आवळा, मग वरून रंग किंवा ग्रीस.

चाचणी: गाडीची जंपर केबल घ्या, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं इंजिनाच्या उघड्या धातूला. स्टार्टर लगेच गरगर फिरला तर काम झालं, अर्थची केबल आणि तिचे जोड दुरुस्त करा. मीटरने बघायचं तर एक पिन निगेटिव्ह खांबावर, दुसरी इंजिनच्या बॉडीवर. स्टार्टर फिरताना ०.२ ते ०.३ व्होल्टच्या वर आकडा नको.

६. फिरती वायर, आणि मीटरची फसवी ‘पी’

फिरत्या हेडला करंट दोन प्रकारे पोहोचतो. काही मिलांवर बेडच्या कडेने धातूची पट्टी असते आणि हेडवरचे ब्रश तिच्यावरून घासत जातात. काहींवर केबल साखळीतून किंवा लोंबत फिरते. (बॅटरी हेडवरच असेल तर हा मुद्दा सोडा, पण हेड वर-खाली होताना वाकणाऱ्या वायरी तरीही तपासा.)

पट्टी असेल तर भुसा-डिंकाचा थर पॉलिश पेपरने काढा, ब्रशचा स्प्रिंग दाबून बघा, आणि पट्टीचे दोन तुकडे जोडलेली जागा विशेष बघा. खडूच्या खुणा बहुधा तिथेच पडलेल्या असतात. पट्टीला तेल-ग्रीस लावू नका; भुसा चिकटून लेप तयार होतो.

केबल असेल तर ती मधोमध तुटत नाही. केबल धरणाऱ्या क्लॅम्पच्या अगदी पुढे, जिथे वाकणं सुरू होतं, तिथे तारा एकेक करून तुटतात. वरचं इन्शुलेशन शाबूत असतं. दोन्ही हातांनी धरून थोडी थोडी वाकवत जा; एखादा भाग इतरांपेक्षा लुळा लागला तर आत तांबं उरलेलं नाही.

आता इथेच लोक फसतात. वायर काढून मीटर कंटिन्युइटीवर (वायर सलग आहे का बघणाऱ्या चाचणीवर) लावतात, ‘पी’ वाजतं, वायर चांगली म्हणून परत बसवतात. मीटर त्या चाचणीत जेमतेम एखाद-दोन मिलिअँपिअर सोडतं. एवढ्यासाठी शेवटची उरलेली एक तारही पुरते. फीडमोटर मागते चाळीस अँपिअर. हिशेब करून बघा: खराब जोडाचा रोध समजा फक्त ०.०५ ओहम. साधं मीटर तो धड दाखवणारही नाही. ४० अँपिअरला तिथे २ व्होल्ट गळतात, मोटर मंदावते. स्टार्टरच्या १५० अँपिअरला ७.५ व्होल्ट गळतात, म्हणजे स्टार्टर फिरणारच नाही. आणि ४० अँपिअरला त्या एका लगमध्ये ८० वॅट उष्णता तयार होते. इन्शुलेशन वितळतं ते यामुळे.

म्हणून जोड लोडवरच मोजायचा. मीटरची लाल पिन बॅटरीच्या पॉझिटिव्ह खांबावर, काळी मोटरच्या पॉझिटिव्ह टर्मिनलवर. मोटर *चालू असताना* वाचा. जो आकडा येईल तेवढं व्होल्टेज त्या वाटेत हरवतंय. मग बॅटरीच्या निगेटिव्हपासून मोटरच्या निगेटिव्हपर्यंत तसंच. दोन्ही मिळून अर्ध्या व्होल्टच्या आत असेल तर वायरिंगला सोडून द्या. एका बाजूला दीड व्होल्ट सापडला तर काळी पिन मोटरकडून बॅटरीकडे एकेक जोड ओलांडत आणा. ज्या जोडापाशी आकडा एकदम पडतो, तोच चोर. फीड किंवा उचल दोन्ही दिशांना चालणारी असेल तर उलट दिशेला मोटरच्या वायरींची अदलाबदल होते, तेव्हा माप एकाच दिशेत घ्या.

बारीक कंट्रोल वायरींसाठी हेडलाइटचा बल्ब वापरा. तो साडेचार अँपिअरच्या आसपास ओढतो. मीटरवर १२ व्होल्ट दाखवणारी वायर बल्ब मिणमिणता लावते, तेव्हा वाद मिटतो.

७. इंजिन एकदम बंद पडत असेल तर

मॅग्नेटो इग्निशनच्या, म्हणजे फिरत्या चुंबकातून स्वतःच ठिणगी तयार करणाऱ्या इंजिनाला चालायला बॅटरी लागत नाही. ते बंद करण्यासाठी कॉइलची एक बारीक वायर अर्थ केली जाते. ही ‘स्टॉप’ वायर कुठेही सोलून लोखंडाला टेकली, की इंजिन किल्ली काढल्यासारखं थांबतं. थरथर थांबली की वायर बाजूला होते आणि किल्ली फिरवताच इंजिन पुन्हा सुरू. मालक म्हणतो, ‘तापल्यावर बंद पडतं.’ तापण्याचा काही संबंध नसतो.

आधी तेलाची पातळी बघा. कमी तेलाचा सेन्सर असेल तर तोही हीच वायर अर्थ करतो, आणि मिल उतारावर उभी असेल तर तेल पुरेसं असूनही करतो. मिल लेव्हलमध्ये घ्या. तरीही बंद पडत असेल तर ब्लेड काढून, स्टॉप वायर इंजिनाजवळच सोडवून इंजिन चालवून बघा. पेट्रोलचा कॉक बंद करून किंवा चोक ओढून इंजिन थांबवता येतंय याची आधी खात्री करा, कारण आता किल्लीने ते थांबणार नाही. असं नीट चाललं तर दोष किल्ली, सेफ्टी स्विच किंवा मधल्या वायरीत. तरीही बंद पडलं तर कॉइल किंवा इंजिनाच्या आतलं काहीतरी. चाचणी संपली की वायर परत जोडायची. ती सोडून ओंडका कापायचा नाही.

अनेक डिझेल इंजिनांत आणि फ्युएल इंजेक्शनच्या इंजिनात गणित उलटं असतं: तिथे चालण्यासाठी १२ व्होल्ट लागतात, त्यामुळे फ्यूज किंवा रिलेचा (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणाऱ्या स्विचचा) ढिला जोडही इंजिन थांबवतो.

८. चार्जिंग

इंजिन पूर्ण वेगात असताना बॅटरीवर १३.८ ते १४.५ व्होल्ट हवेत. आकडा इंजिन बंद असतानाएवढाच राहिला तर चार्जिंग होत नाही. सर्वांत आधी रेग्युलेटरचा (चार्जिंगचं व्होल्टेज आवरणाऱ्या डबीचा) प्लग काढून पिना बघा, मग रेग्युलेटरची बॉडी जिथे बोल्टने बसते तिथला गंज काढा. बऱ्याच रेग्युलेटरांचा अर्थ त्या बोल्टमधूनच होतो. १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर गेला, बॅटरी उकळायच्या आत बदला. बॅटरी सोडवून इंजिन चालवून बघू नका. रेग्युलेटर आणि बोर्ड उडवायचा तो खात्रीचा मार्ग आहे.

चार्जिंग ठीक असूनही बॅटरी बसते, तेव्हा जमाखर्च बघा. काही लहान इंजिनांचं चार्जिंग केवळ तीन अँपिअरचं असतं. त्यावर दिवसभर हेड विजेने वर-खाली करत राहिलात तर बॅटरी बसणारच. बिघाड नाही, क्षमता कमी आहे.

९. स्विच, रिले, सोलेनॉइड

‘पुढे जातं, मागे येत नाही’ ही तक्रार जवळजवळ नेहमी इथली. मोटर एका दिशेला फिरते म्हणजे मोटर आणि मुख्य वायर चांगल्या आहेत. दुसऱ्या दिशेचा कॉन्टॅक्ट जळलाय. एकसारखे दोन रिले असतील तर त्यांची अदलाबदल करा. बिघाड दिशा बदलून बसला तर रिले बदला. सोलेनॉइडच्या दोन जाड टर्मिनलांवर पिना ठेवून लोडवर मोजा, ०.२ व्होल्टच्या वर असेल तर आतली तांब्याची चकती जळली आहे. या टर्मिनलचा नट आवळताना आतल्या नटला दुसरा पाना लावून धरा, नाहीतर स्टड फिरतो आणि आतली वायर तुटते. ड्रम स्विचचे (मोटरची दिशा बदलणाऱ्या हाताच्या स्विचचे) काळवंडलेले कॉन्टॅक्ट हलक्या हाताने साफ करता येतात. खड्डे पडले असतील तर घासत बसू नका.

१०. आता मोटर

इथवर सगळं ठीक निघालं तरच मोटर. आधी चेन किंवा बेल्ट सोडवून ती मोकळी फिरवा. मोकळी छान पळत असेल तर जडपणा यंत्रात आहे: सुक्या घसरपट्ट्या, वाकलेला रूळ, चाकाखाली घट्ट बसलेला भुसा. बंद पडलेली मोटर लाकडी दांड्याने हलकेच ठोकल्यावर चालू झाली तर कार्बन ब्रश झिजले आहेत किंवा होल्डरमध्ये अडकले आहेत. ब्रश बदलणं घरचं काम आहे. कम्युटेटरवर (ब्रश ज्यावर घासतात त्या तांब्याच्या पट्ट्यांच्या गोलावर) एखादा पट्टा शेजाऱ्यांपेक्षा काळाकुट्ट दिसला किंवा वार्निश जळल्याचा वास आला, तर मोटर भरणाऱ्याकडे द्या.

थेट विजेवरची मिल

इथे तुमची हद्द प्लगपाशी संपते. प्लग काढून केबल तपासा: चिरलेली, चेपलेली, पिना काळ्या पडलेल्या. लांब, बारीक एक्स्टेंशन केबलवर व्होल्टेज पडतं, मोटर जास्त करंट ओढते, तापते, ओव्हरलोड ट्रिप होतो. आणि केबल रिळावर गुंडाळलेली ठेवली तर ती स्वतःच भाजून निघते. पूर्ण उलगडा, जाड आणि आखूड वापरा.

थ्री-फेज मोटर नुसती घुमते आणि फिरत नाही, तर एक फेज गेलाय. लगेच बंद करा. अशी मोटर थोड्या वेळात जळते. तिन्ही फेज आहेत पण व्होल्टेज असमान, हे त्याचंच सौम्य रूप: साडेतीन टक्क्यांच्या असमतोलाने मोटरची तापमानवाढ साधारण २५ टक्क्यांनी चढते. जागा बदलल्यावर ब्लेड उलटं फिरलं तर फेजचा क्रम बदललाय. दोन फेज अदलाबदल करायचं काम दोन मिनिटांचं आहे, पण ते परवानाधारक वायरमनचं. कॉन्टॅक्टर (मोटरचा मोठा स्विच), ओव्हरलोड रिले, ड्राइव्ह (मोटरचा वेग सांभाळणारं इलेक्ट्रॉनिक उपकरण) यांच्या पेटीत तुम्ही हात घालायचा नाही. ड्राइव्हमधले कपॅसिटर सप्लाय काढल्यावरही भरलेले असतात.

इथे थांबा

यातलं काहीही दिसलं तर हत्यारं खाली ठेवा आणि जाणकाराला बोलवा:

- मिलला हात लावल्यावर झिणझिण्या येतात किंवा गळती पकडणारा ब्रेकर पडतो. तो बायपास करून पाहणं म्हणजे जिवाशी खेळ.
- योग्य अँपिअरचा नवा फ्यूज लावताच लगेच उडाला. तिसरा लावू नका.
- बॅटरी फुगली आहे, तापली आहे किंवा तिला सडक्या अंड्यासारखा वास येतोय. जवळ जाऊ नका, इंजिन बंद करून निवू द्या.
- स्विच सोडल्यावरही हेड आपोआप खाली सरकतं किंवा फीड चालूच राहतं.
- व्होल्टेज बोर्डपर्यंत नीट येतं, बोर्डातून बाहेर पडत नाही. अंदाजाने बोर्ड बदलणं हा सगळ्यात महाग जुगार आहे, आणि बोर्ड ज्यामुळे उडाला ते कारण तसंच असेल तर दुसराही उडतो.
- फ्लायव्हील काढल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

जोड पुन्हा करताना

तांब्याचा, कलई केलेला, वायरच्या मापाचा लग घ्या आणि योग्य क्रिम्पिंग हत्याराने दाबा; पक्कडीने चेपलेला लग थरथरीत सुटतो. नुसत्या सोल्डरवर भरवसा नको, कारण सोल्डर जिथे संपतं तिथे तारा ताठ होतात आणि नेमक्या तिथेच तुटतात. वर आतून गोंद असलेली हीट-श्रिंक नळी. लगपासून वितभर अंतरात केबलला आधार द्या, म्हणजे थरथर लगवर येणार नाही. पाणी वायरीवरून घरंगळत पेटीत शिरू नये म्हणून पेटीच्या आधी वायरला खाली झोका द्या आणि ती पेटीत खालून घ्या. मिल प्रेशरच्या पाण्याने धुण्याची हौस असेल तर निदान स्विच, रिले आणि रेग्युलेटर प्लॅस्टिकने झाकून घ्या.

जाणकाराला फोन करताना ‘मोटर गेली’ एवढंच सांगू नका. उभ्या बॅटरीचे व्होल्ट, स्टार्टर मारतानाचे व्होल्ट, मोटरच्या पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह बाजूला लोडवर हरवणारे व्होल्ट, उडालेल्या फ्यूजचे अँपिअर, आणि बिघाड कधी व रुळावर कुठे होतो, हे कागदावर लिहून वाचून दाखवा. उडालेला फ्यूज आणि काढलेला जळका लग त्याच्यासाठी जपून ठेवा.